डाव्या हाताचा चाकू

तुमच्या वर्गात डाव्या हाताने लिहिणारा एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी असेल. कदाचित तुम्ही स्वतःच तसे असाल. अशा मुलाला मराठीत 'डावखुरा' म्हणतात आणि मुलीला 'डावखुरी'. जगात शंभर माणसांत सुमारे दहा माणसे डावखुरी असतात. तुमच्या वर्गात चाळीस मुले असतील, तर त्यांत तीन-चार डावखुरी निघायला हरकत नाही.

अशा मुलाच्या दोन वह्या शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एक मराठीची आणि दुसरी उर्दूची. तो शाईच्या पेनाने लिहीत असेल, तर मराठीच्या वहीत जागोजागी शाई पसरलेली दिसेल आणि त्याच्या करंगळीखालची कडही निळी झालेली असेल. उर्दूची वही मात्र स्वच्छ असेल. एकाच मुलाच्या, एकाच हाताने लिहिलेल्या दोन वह्यांमध्ये असा फरक का पडावा?

याचे कारण लिपीच्या दिशेत आहे. मराठी आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. डावखुऱ्याचा हात पेनाच्या डाव्या बाजूला असतो. पेन पुढे सरकते, तसा त्याच्यामागून येणारा हात ओल्या अक्षरांवरून घासत जातो. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो. तेथे डावखुऱ्याचा हात पेनाच्या पुढे, कोऱ्या कागदावरून चालतो. लिहिलेली ओळ मागे सुरक्षित राहते. आता उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी आपली उर्दूची वही आठवावी. उर्दू लिहिताना तुमचाच हात ओल्या अक्षरांवरून जातो. म्हणूनच तुम्ही मनगट ओळीच्या जरा खाली ठेवायला शिकलेले असता. हे तुम्ही इतक्या लहानपणी शिकलात, की शिकल्याचे आता आठवतही नाही. इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची डावखुरा होता. त्याने आपल्या टाचणवह्या उजवीकडून डावीकडे, उलट्या अक्षरांत लिहिल्या. त्या वाचायच्या असतील तर आरसा धरावा लागतो. तुम्हांला दोन्ही दिशांनी लिहिता येते आणि त्यासाठी आरसा लागत नाही. ही सोय मराठी माध्यमाच्या मुलांना नाही, बरे का!

लिपीला जशी दिशा असते, तसा अवजारालाही हात असतो. 'अवजार' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतील 'औज़ार' तोच. घरातील, शेतातील आणि दुकानातील बरीचशी अवजारे उजव्या हातासाठी बनवलेली असतात, पण तसे त्यांच्यावर लिहिलेले नसते. म्हणून ती सर्वांसाठीच आहेत असे आपल्याला वाटते. मग डावखुऱ्या मुलाच्या हातून कापड वाकडे कापले गेले, की आपण त्याला 'धांदरट' म्हणून मोकळे होतो. कापड का वाकडे कापले गेले, हे विचारत नाही.

ते समजून घेण्यासाठी एक कात्री घ्या. उजव्या हातात धरा आणि एक कागद कापा. नंतर तीच कात्री डाव्या हातात धरून कापा. कागद कापला जाण्याऐवजी दोन पात्यांमध्ये दुमडला जाईल. कात्री बोथट झाली की काय असे वाटेल. पुन्हा उजव्या हातात घ्या. ती छान चालेल.

असे का होते, ते पाहा. कात्रीची दोन पाती एका खिळ्यावर फिरतात. ती एकमेकांना घासून गेली, तरच कागद कापला जातो. मूठ मिटताना आपला अंगठा एका बाजूला रेटतो आणि बोटे दुसऱ्या बाजूला ओढतात. नेहमीच्या कात्रीत उजव्या हाताचा हा रेटा पात्यांना एकमेकांवर दाबतो. डाव्या हाताचा रेटा उलट असतो. तो पात्यांना एकमेकांपासून दूर सारतो, फट पडते आणि कागद त्या फटीत शिरतो. शिवाय नेहमीच्या कात्रीत वरचे पाते उजवीकडे असते. उजव्या हाताने कापणाऱ्याला आखलेली रेघ दिसते. डावखुऱ्याच्या नजरेसमोर मात्र तेच पाते आडवे येते, आणि त्याला रेघ न पाहताच कापावे लागते.

तुमच्यापैकी एखादा म्हणेल, "मग कात्री उलटी धरावी." धरून पाहा. कात्री कशीही फिरवली, वरची बाजू खाली केली, तरी वर येणारे पाते उजवीकडेच राहते. कात्रीचा हात बदलत नाही. तो बदलायचा असेल तर कात्री मुळातच उलटी बनवावी लागते. अशा कात्र्या मिळतात. लंडन शहरात १९६८ मध्ये केवळ डावखुऱ्यांच्या वस्तू विकणारे एक दुकान निघाले होते. आता डावखुऱ्यांच्या कात्र्या आणि फूटपट्ट्या आपल्याकडेही घरपोच मागवता येतात. घरात कोणी शिवणकाम करणारी डावखुरी बहीण असेल, तर तिच्यासाठी हा खर्च करण्यासारखा आहे.

काही वस्तूंना मात्र हात नसतो. आपल्याकडची विळी घ्या. विळीचे पाते पाटावर उभे असते आणि आपण भाजी त्याच्याकडे नेतो. डावखुरी बाई फक्त हातांची अदलाबदल करते. विळीला काही फरक पडत नाही. क्रिकेटच्या बॅटलाही हात नाही, पण फलंदाजाच्या हातमोज्यांना आहे. हॉकीत तर नियमच असा आहे, की स्टिकच्या डाव्या, सपाट बाजूनेच चेंडू मारायचा. त्यामुळे डावखुऱ्या खेळाडूलाही तीच स्टिक घ्यावी लागते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच माणसाचा हात सगळ्या कामांत एकच असतो असे नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, पण फलंदाजी करायचा उजव्या हाताने. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान गोलंदाजी करायचा डाव्या हाताने आणि फलंदाजी उजव्या. २०११ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वांत जास्त, म्हणजे २१ बळी त्यानेच घेतले. उजव्या हाताने जेवावे, ही शिकवण तुमच्या-आमच्या घरांत असते. ती पाळणारी कितीतरी डावखुरी मुले घास उजव्या हाताने घेतात आणि चाकू डाव्या हातात धरतात. म्हणून कोणासाठी अवजार आणायचे असेल, तर तो कोणत्या हाताने लिहितो एवढेच विचारून भागत नाही. ते विशिष्ट काम तो कोणत्या हाताने करतो, हे पाहावे लागते.

आता चाकूकडे वळू. चाकूला कात्रीसारखी दोन पाती नसतात. मग त्याला हात कसा असेल? याचे उत्तर त्याच्या धारेत आहे. पाते उजेडाकडे धरून टोकाकडून नीट पाहा. बोट मात्र धारेवर फिरवू नका. काही चाकूंना दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिलेला असतो. असा चाकू सरळ खाली जातो आणि दोन्ही हातांना सारखाच चालतो. काही चाकूंची एक बाजू अगदी सपाट असते आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला असतो. टोमॅटो किंवा पाव कापण्याच्या दातेरी चाकूचे दातेही पुष्कळदा असेच एका बाजूने कोरलेले असतात. एका बाजूने उतार असलेला चाकू कापताना थोडा एका अंगाला ओढतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला ती ओढ सोयीची पडते. डावखुऱ्याने त्याच चाकूने पाव कापला, तर काप वर जाड आणि खाली पातळ असा तिरका निघतो.

शेतात जा. तेथे हीच गोष्ट विळ्यात दिसेल. ज्वारीची काढणी करणाऱ्या बायका मुठीत ताटे धरून विळा आपल्याकडे ओढतात. दातेरी विळ्याचे दाते बहुधा एकाच बाजूने पाडलेले असतात. उजव्या हातात विळा असला, की त्याची सपाट बाजू जमिनीकडे राहते आणि तो बुडाशी सरळ चालतो. डाव्या हातात घेतल्यावर बाजू उलटतात. विळा वर चढू पाहतो, जास्त जोर लावावा लागतो आणि संध्याकाळी मनगट दुखते. खुरप्याचे पाते मुठीच्या सरळ रेषेत असेल, तर ते कोणत्याही हातात चालते. ते एका अंगाला वळवलेले असेल, तर डावखुरीला दिवसभर हात मुरडून खुरपावे लागते. मजुरी सगळ्यांना सारखीच मिळते. दमणूक मात्र तिच्या वाट्याला जास्त येते.

पण आपल्या जालना जिल्ह्यात चाकूच्या हाताचा प्रश्न सर्वांत जास्त कोठे येत असेल, तर तो मोसंबीच्या रोपवाटिकेत. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे 'जालन्याची मोसंबी' या नावाला कायद्याने संरक्षण मिळाले. बदनापूरला मोसंबीसाठी खास संशोधन केंद्रही आहे. मोसंबीचे झाड बहुधा बी पेरून वाढवत नाहीत. रंगपूर लिंबू किंवा जंबेरी यांचे रोप आधी वाढवतात. त्याला 'खुंट' म्हणतात. तो पेन्सिलीएवढा जाड झाला, की त्याच्यावर चांगल्या मोसंबीच्या झाडाचा डोळा बसवतात. डोळा म्हणजे फांदीवरचा, अजून न फुटलेला कोंब. या कामाला 'डोळा भरणे' असे म्हणतात, आणि अशा रोपाला 'कलम'.

'कलम' या शब्दापाशी क्षणभर थांबा. उर्दूत क़लम म्हणजे लेखणी, आणि 'क़लम लगाना' म्हणजे झाडाचे कलम करणे. दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना कापण्याचीच आहे. बोरू कापून लेखणी करायची आणि फांदी कापून झाड करायचे. लेखणी कापण्याच्या लहान चाकूला फारसी-उर्दूत 'क़लमतराश' म्हणतात. आज खिशात ठेवायचा जो मिटणारा चाकू आपण पाहतो, त्याचा हा एक जुना भाऊबंद. बोरूचे टोक तिरके कापतात, हे तुमच्यापैकी खुशनवीसी शिकणाऱ्यांना ठाऊक असेल. त्या तिरक्या कापाला 'कत' म्हणतात आणि अक्षराची जाडी-बारीकी त्याच्यावर अवलंबून असते. उजव्या हातासाठी घातलेला कत डाव्या हाताला जुळत नाही. डावखुऱ्याने आपला बोरू आपल्या हाताप्रमाणे कापून घ्यावा. बाजारातून आणलेला तयार बोरू हातात देऊन त्याचे अक्षर वाईट ठरवू नये.

डोळा भरण्याचा चाकू लहान, मिटणारा आणि अतिशय तीक्ष्ण असतो. त्याला बहुधा एकाच बाजूने उतार असतो, आणि त्याला तसेच कारण आहे. काम कसे चालते ते पाहा. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेतात आणि साल अलगद उचलतात. मग मोसंबीच्या काडीवरून डोळा काढतात. चाकू डोळ्याच्या जरा खाली टेकवून, डोळ्याच्या मागून एका ओढीत वर नेतात. लहानशा ढालीच्या आकाराची साल डोळ्यासकट सुटून येते. ती खुंटाच्या सालीखाली सरकवतात आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. सालीच्या आतल्या बाजूला एक पातळ, जिवंत थर असतो. खुंटाचा हा थर आणि डोळ्याचा हा थर एकमेकांना चिकटले, तरच डोळा जगतो. मध्ये फट राहिली तर डोळा सुकतो.

म्हणजे सगळा भरवसा त्या एका कापावर. तो सपाट आणि गुळगुळीत यायला हवा. चाकूची सपाट बाजू डोळ्याकडे असली, की काप सपाट येतो. उजव्या हातासाठी घडवलेला चाकू डाव्या हातात घेतला, की उताराची बाजू डोळ्याकडे येते. पाते सरळ जाण्याऐवजी बाहेर निसटू पाहते किंवा आत रुतते. काप पन्हळीसारखा खोलगट होतो. असा डोळा बांधला तरी आत फट राहते. रोपवाटिकेत काम करणारा एखादा डावखुरा मुलगा दिवसभर इतरांइतकेच डोळे भरतो, आणि काही आठवड्यांनी पाहावे तर त्याचे जास्त डोळे सुकलेले. 'तुझ्या हाताला गुण नाही,' असे त्याला ऐकावे लागते. तो काम सोडून देतो. त्याच्या हातात उलट्या उताराचा चाकू दिला असता, तर गुण नाही तो हाताला की चाकूला, हे लगेच कळले असते. कलमे करण्याच्या चांगल्या चाकूंमध्ये डाव्या हाताचा चाकू वेगळा बनवला जातो. परदेशांतील रोपवाटिकांत तो पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. आपल्या बाजारात मात्र तो सहसा मांडलेला दिसत नाही. जालन्यात पोलादाच्या सळया ट्रकांनी भरून जातात, पण डाव्या हाताचा बोटभर चाकू मागितला तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहतो!

मिटणाऱ्या चाकूत धारेखेरीज आणखीही काही गोष्टी पाहाव्या लागतात. पाते उघडण्यासाठी त्याच्यावर नखाएवढी खाच असते. ती बहुधा एकाच बाजूला असते, आणि उजव्या अंगठ्याचे नख तिच्यात सहज बसावे अशा बेताने कोरलेली असते. डावखुऱ्याने चाकू उजव्या हातात धरून डाव्या अंगठ्याने उघडायचा म्हटले, तर खाच पलीकडे जाते. मग तो पाते चिमटीत धरून ओढतो, आणि ओढताना बोट धारेवर जाते. दोन्ही बाजूंना खाच असलेला चाकू मिळाला तर उत्तम.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खिटी. काम करताना पाते आपोआप मिटू नये म्हणून काही चाकूंत एक पोलादी पट्टी असते. पाते उघडले, की ती त्याच्या बुडाशी आडवी येते. पाते मिटायचे असेल तेव्हा ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची असते. उजवा हात असेल तर अंगठा बरोबर पट्टीवर येतो. डावा हात असेल तर अंगठा दुसऱ्या बाजूला राहतो आणि पट्टी तर्जनीने ओढावी लागते. त्या क्षणी तर्जनी मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत असते. अपघात होतो तो येथे. काही चाकूंत खिटी मुठीच्या पाठीवर, मध्यभागी असते. तिला डावे-उजवे नाही. डावखुऱ्याने मिटणारा चाकू घ्यायचा असेल, तर असा घ्यावा. मला विचाराल, तर धारेची गैरसोय एक वेळ चालवून घेता येईल, पण खिटीची चालवून घेऊ नये. वाकडा काप पुन्हा घेता येतो, बोटाचे तसे नाही.

खिशाला अडकवण्याची पकड कोणत्या बाजूला आहे, ही त्यामानाने लहान गोष्ट. ती काही चाकूंत काढून दुसऱ्या बाजूला लावता येते. दुकानात चाकू पाहताना तो मोठ्या माणसाने उघडावा, मिटावा आणि तेही ज्या हाताने काम करायचे त्याच हाताने. दुकानदार घाई करील, करू द्यावी. आणि तुम्ही चाकू दप्तरात घालून शाळेत आणू नका, हे सांगायला नकोच.

मनासारखा चाकू बाजारात मिळालाच नाही तर? तर लोहाराकडे जावे. कारखान्यातून एका साच्याचे हजारो चाकू निघतात. साचा उजव्या हाताचा असेल, तर सगळे चाकू उजव्या हाताचे. लोहार मात्र एका वेळी एकच पाते घडवतो. उतार उजवीकडे द्यायचा की डावीकडे, हे त्याच्या हातात असते. पाते ठोकून झाल्यावर आणि धार देण्याआधी त्याला सांगायचे, "हा चाकू डाव्या हातासाठी आहे. उतार दुसऱ्या बाजूला द्या." सोबत जुना, उजव्या हाताचा चाकू नमुन्याला न्यावा म्हणजे घोटाळा होत नाही. विळ्याचे दातेही असे उलट्या बाजूने पाडून घेता येतात.

जुन्या चाकूचा उतार बदलून घेता येईल का? थोडा येईल. हे काम धार लावणाऱ्याचे, म्हणजे शिकलगाराचे. 'शिकलगार' हा शब्द फारसीतील 'सैक़लगर' या शब्दावरून आला. सैक़ल म्हणजे शस्त्राला घासून चमक आणणे. शिकलगार चाकावर पाते धरून दुसऱ्या बाजूलाही उतार देऊ शकतो. मग पात्याच्या दोन्ही बाजूंना उतार येतो आणि पाव किंवा भाजी कापण्यापुरती डावखुऱ्याची सोय होते. डोळा भरण्यासाठी मात्र एक बाजू पूर्ण सपाटच लागते. जुना उतार घासून सपाट करायचा, तर पात्याचे बरेच पोलाद जाते. त्यापेक्षा नवे पाते घडवून घेणे बरे.

चाकावर घासताना पाते तापते, म्हणून शिकलगार ते मधूनमधून पाण्यात बुडवतो. पाते तापून निळे पडले, तर त्याचा कठीणपणा जातो आणि धार टिकत नाही. अशा वेळी मराठीत म्हणतात, 'पात्याचे पाणी उतरले.' उर्दूत तलवारीची 'आब' म्हणतात, तिचाही मूळ अर्थ पाणीच. लाल तापलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करतात, त्यावरून दोन्ही भाषांना एकच शब्द सुचला. शिकलगाराला चाकू देताना पाते निळे पडू देऊ नका, असे सांगायला लाजू नये. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही. उलट समोरच्याला काही कळते, हे पाहून तो जास्त मन लावून काम करतो.

डाव्या हाताचा असा चाकू घरात किंवा रोपवाटिकेत आला, की त्याच्या मुठीला लाल दोरा गुंडाळून ठेवावा. दिसायला तो इतर चाकूंसारखाच असतो. घाईच्या वेळी उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो उचलला, तर आता त्याचा काप पन्हळीसारखा होईल आणि त्याचे डोळे सुकतील.